माझी जुनी तिरकी रेघ

बडोद्यात एमआरआयच्या कन्सोलवर बसून मला अकरा वर्षं झाली. मेंदूच्या स्कॅनचं प्लॅनिंग मी हातानेच शिकलो. आधी लोकलायझर, म्हणजे जागा ठरवायचं झटपट चित्र, घ्यायचा, मधल्या सॅजिटल (बाजूने दिसणाऱ्या) चित्रात कॉर्पस कॅलोसमच्या, म्हणजे मेंदूचे दोन अर्धे जोडणाऱ्या पट्ट्याच्या, पुढच्या-मागच्या टोकांची खालची कड साधून रेघ ठेवायची (स्कॅनचे काप या रेघेला समांतर पडतात), मग कोरोनलमध्ये, म्हणजे समोरून दिसणाऱ्या चित्रात, डोकं जेवढं कललंय तेवढी तीही कलवायची. काम मिनिटभराचं. पाठीला कुबड आलेले दांडिया बाजारातले एखादे आजोबा असले, की कॉइलमध्ये, म्हणजे डोक्याभोवतीच्या साच्यात, डोकं धड टेकत नाही आणि ते मिनिट लांबतं.

गेल्या वर्षी नवं मशीन आलं. ते सुरुवातीला एक झटपट थ्रीडी स्कॅन घेतं, मेंदूतल्या खुणा ओळखतं आणि रेघा आपल्या आपणच मांडतं. पहिला आठवडा मी रुसूनच होतो. पण माझी सकाळची रेघ आणि रात्रपाळीची रेघ यांत फरक पडायचा, याच्या रेघेत पडत नाही, हे कबूल.

तरी फसलोच. एमएसची (मल्टिपल स्क्लेरोसिस, मेंदूत डाग पडणारा आजार) एक पेशंट, तिसरा फॉलोअप. रेघा सुरेख पडल्या होत्या, मी ओके करून मोकळा. संध्याकाळी रेडिओलॉजिस्ट मॅडमनी बोलावलं. जुन्या चित्रात व्हेंट्रिकलला, म्हणजे मेंदूतल्या द्रवाच्या पोकळीला, खेटून ठसठशीत डाग; नव्यात तोच दोन स्लाइसमध्ये (कापांत) वाटलेला, फिकट. "हा तोच, का दुसरा? सांगा बघू." जुना स्कॅन मीच हाताने लावलेला, रेघ पुढून चढलेली. पाच मिलिमीटरच्या स्लाइस, कोन थोडा बदलला तरी एवढा गोंधळ होतो. मशीन बरोबर होतं, फक्त माझ्या जुन्या चुकीशी जुळत नव्हतं.

त्या पेशंट मुलीला परत बोलावलं. ती पांढरीफटक. "दादा, काही निघालं का?"

"नाही गं, मागच्याशी जुळवून परत घ्यायचेत, एवढंच."

जुनं सॅजिटल शेजारी उघडलं आणि रेघ मुद्दाम तशीच तिरकी ओढली. चांगली रेघ हाताने बिघडवायची म्हणजे जिवावर येतं हो! डाग जागच्या जागी आला. जुनाच, मॅडम म्हणाल्या.

आता एमएसला मॅडम थ्रीडी फ्लेअरच (असे डाग उठून दाखवणारा स्कॅन) मागतात, मिलिमीटरभर जाडीच्या कापांचा. त्यातून मागाहून हवा तो कोन काढता येतो. मात्र पेशंट मध्येच हलला, तर सगळा स्कॅन पुन्हा.

मशीनही चुकतं. परवा एका पेशंटच्या मेंदूचा मोठा भाग ऑपरेशनमध्ये काढलेला होता. खुणा सापडेनात, तर पठ्ठ्याने कापांची चौकट चक्क नाकाकडे वाकवून ठेवली. माउस धरला आणि सरळ केली.