टायरवर बसून दुरुस्त करायची गाडी

इंग्लंडमधल्या कव्हेंट्रीत येऊन मला चौदा वर्षं झाली, तरी घरून फोन आला की पहिला प्रश्न अजून 'थंडी किती आहे' हाच असतो. अपवाद एकच. मालवणहून मेस्त्रींचा (काकांची गाडी तेच दुरुस्त करायचे) व्हिडिओ कॉल आला की हवापाण्याची चौकशी नाही, 'जेवलास का' नाही, थेट "दाखव बघूया." मग मी फोन घेऊन गॅरेजात जायचं, टॉर्च लावायचा आणि गाडीच्या पोटाखाली झोपायचं. चार वर्षं हे चाललं.

गाडी म्हणजे ट्रायम्फ स्पिटफायर, मार्क फोर, 1973 ची. दोन माणसांची, बिनछपराची, कंबरेपेक्षा थोडी उंच. ती माझ्याकडे कशी आली हे सांगायचं तर आधी काकांच्या हेराल्डबद्दल सांगावं लागेल.

आमचं घर मालवणहून आचऱ्याला जाताना लागतं. काका डॉक्टर. माझ्या लहानपणी ते 'स्टॅंडर्ड हेराल्ड'मधून व्हिजिटला जायचे. ही गाडी 1961 पासून मद्रासला बनायची, 948 सीसीचं इंजिन. पण मूळ इंग्रजी, ट्रायम्फ हेराल्डच. तिची खुबी म्हणजे बॉनेट. आपल्या इतर गाड्यांसारखं नुसतं झाकण उघडत नाही. मडगार्ड, दिवे, जाळी असं अख्खं तोंडच पुढे कलंडतं आणि इंजिनासकट पुढची दोन्ही चाकं उघडी पडतात. त्यामुळे मेस्त्री वाकत नसत. डाव्या टायरवर बैठक मारायची, विडी पेटवायची आणि काम सुरू. उजव्या टायरवर मी, हातात पान्यांचं फडकं. दहाचा की अकराचा हे त्यांनी बोट दाखवलं की कळायचं. वास्तविक त्या गाडीला दहा-अकराचे मिलिमीटर पाने चालायचेच नाहीत, सगळे इंची; पण मेस्त्रींनी त्यांचे आकडे स्वतःच ठरवलेले होते.

2020 च्या उन्हाळ्यात, लॉकडाऊन थोडं सैल झाल्यावर, आमच्या गल्लीतल्या एका म्हाताऱ्या गृहस्थांनी शेड रिकामी करायला काढली. ताडपत्रीखाली ही गाडी. त्यांनी दोन्ही बाजूंच्या कड्या सोडवून बॉनेट पुढे कलंडलं, आणि माझं मलाच कळायच्या आत मी टायरवर बसलेला होतो. आजोबा म्हणाले, "तुमच्याकडे होती वाटतं पूर्वी?" मी म्हटलं, काकांकडे होती, म्हणजे हिची बहीण होती. अठराशे पौंडांना सौदा झाला. त्यानंतर किती गेले ते इथे लिहीत नाही, आमच्या घरात हे लिखाण वाचलं जातं.

बहीण म्हणालो ते उगाच नाही. हेराल्ड 1959 मध्ये आली, तिचं रेखाटन इटलीतल्या तुरिनच्या जोव्हानी मिकेलोत्ती यांचं. तिचीच चासी, म्हणजे खालचा सांगाडा, आखूड करून त्यांनीच स्पोर्ट्‌स कारचा नमुना बनवला, पण कंपनीकडे पैसे नव्हते आणि तो कारखान्याच्या कोपऱ्यात कापडाखाली पडून राहिला. 1961 मध्ये लेलॅंडने कंपनी घेतली, नव्या साहेबांपैकी कुणीतरी ते कापड उचललं, आणि 1962 मध्ये लढाऊ विमानाचं नाव घेऊन गाडी बाजारात आली. 1980 पर्यंत तीन लाखांवर बनल्या, याच गावात, कॅनलीच्या कारखान्यात. आता तिथे ऑफिसं आणि दुकानं आहेत. माझी गाडी जन्मगावाबाहेर फारशी गेलीच नसावी.

तर गंज.

मला वाटायचं, गंज ही आपली मक्तेदारी. समुद्राचं वारं, चार महिने पाऊस, गॅलरीतला गज दर दोन वर्षांनी सोलायचा आणि रंगवायचा. इथे समुद्र सगळ्यात लांब, मग हिला काय झालं? उत्तर पहिल्याच थंडीत रस्त्यावर सापडलं. रात्री रस्ता गोठणार असं दिसलं की पिवळ्या गाड्या मीठ फेकत फिरतात. खाण्याचं नव्हे, तपकिरी, खडबडीत, चेशरमधल्या विन्सफर्डच्या खाणीतून निघणारं. आई म्हणाली, "रस्त्यावर मीठ? आमच्याकडे शिरोड्याचं मीठ भिजू नये म्हणून आम्ही चुलीवर शिंकं बांधायचो." ते मीठ वितळलेल्या बर्फात मिसळून चाकांनी खालून उडतं आणि पत्र्याच्या जोडात जाऊन बसतं. म्हणजे इथली गाडी पायापासून वर सडते. आमच्याकडची काचेच्या रबरापासून, छपराच्या कडेच्या गटारीपासून खाली सडते. शेवटी दोघी मध्ये कुठेतरी भेटतात.

आणि एक गोष्ट गाडीखाली झोपल्याझोपल्या लक्षात आली. तोंडावर जी लाल पूड पडत होती तिचा रंग थेट जांभ्याचा. नवल नाही, जांभ्याला तो रंग लोखंडाच्या गंजामुळेच येतो. आमचं घर, विहीर, गडगा, सगळं त्याच दगडाचं. इतकी वर्षं ज्याच्यात राहिलो तेच आता खरवडून काढत होतो.

मेस्त्रींनी पहिल्या कॉलवर एकच काम दिलं. जाड स्क्रू ड्रायव्हर घे आणि मुठीकडून ठोकत जा. टणटण वाजलं तर पुढे चल, थबथब वाजलं तर खडूने खूण कर. दिवसभर ठोकून मी खडू संपवला.

सगळ्यात वाईट होते सिल. दाराच्या खाली, पुढच्या चाकापासून मागच्या चाकापर्यंत जी पत्र्याची बंद पेटी जाते ती. हेराल्डच्या चासीला दोन्ही बाजूंना हात असतात, त्यावर बॉडी बसते. स्पिटफायर हलकी आणि ठेंगणी व्हावी म्हणून हे बाजूचे हात काढून टाकले आणि सगळा भार या सिलवर टाकला. वर छप्पर नाही. म्हणजे सिल गेला की गाडी मधून वाकते, होडीची कील मोडावी तशी. तीन थरांचा असतो तो: आतला पत्रा, बाहेरचा पत्रा आणि मध्ये मजबुतीची पट्टी. माझ्या गाडीत बाहेरचा पत्रा रंगाच्या जोरावर उभा होता, आणि मधली पट्टी हाताला लागलीच नाही. तिचा नुसता भुगा.

इथे मी माती खाल्ली. सगळीकडे वाचलं होतं की सिल कापण्याआधी दाराच्या चौकटीत आडवा पाइप ठोकून घ्यायचा, म्हणजे चौकट हलत नाही. पाइप आणायचे होते. पण शनिवार होता, ऊन होतं (या देशात हे फार मोठं कारण आहे), नवीन ग्राइंडर होता. म्हटलं एकच बाजू तर कापायची आहे. चार फुटांचा सिल अर्ध्या तासात खाली पडला. फार बरं वाटलं. चहा प्यायलो.

संध्याकाळी मेस्त्रींना मोठ्या तोऱ्यात दाखवलं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "दरवाजो लाव बघूया."

दार लागेना. सकाळी दाराच्या मागच्या कडेला माझं करंगळीचं पेर जात होतं, आता वरच्या बाजूला पोस्टकार्डही जाईना. खालची फट मात्र रुंदावली होती. गाडी दोन टोकांना लोखंडी घोड्यांवर, मधला आधार मी कापून टाकलेला, तिने कंबर सोडली होती. "गाडयेन तोंड मिटल्यान बघ," मेस्त्री म्हणाले. हसले नाहीत, ते जास्त लागलं.

पुढचे तीन आठवडे त्या एका फटीत गेले. मधोमध जॅक लावायचा, वर लाकडाची फळी, एक आटा फिरवायचा, दार लावून बघायचं. वर किती, खाली किती, भिंतीवर लिहायचं. जास्त झालं की उतरवायचं. मेस्त्री तिकडून, "ऱ्हवांदे आता, रात्री लोखंड बसता, सकाळी बघ." आणि खरंच सकाळी केसभर फरक असायचा. फट वरपासून खालपर्यंत सारखी झाल्यावर दाराच्या चौकटीत पाइप ठोकले, मग नवीन पत्रे लावले. वेल्डिंग मी इथे रात्रीच्या वर्गात शिकलो. पत्रा जेमतेम एक मिलिमीटरचा, त्यामुळे लांब रेघ ओढायची नाही, ठिपका इथे, ठिपका हातभर लांब, नाहीतर पत्रा पापडासारखा फुगतो. माझं पहिल्या सिलचं वेल्डिंग बघून मेस्त्रींनी 'कोंबडीची शिटां' एवढंच मत नोंदवलं. दुसऱ्या बाजूला काही बोलले नाहीत, ती मी पावती धरली.

लोकांना वाटतं जुनी गाडी म्हणजे पार्ट मिळत नसतील. उलट आहे. इथे या गाडीचा प्रत्येक पत्रा, रबर, चिमटा आजही नव्याने बनतो. रात्री दहाला मागवा, परवा दारात. म्हणून खरं सांगायचं तर इथे गाडी उभी करणं हे पैसे आणि चिकाटीचं काम आहे, अक्कल तिसरी. गंजलेले बोल्ट मात्र कुणी सोडवून देत नाही. तिथे मेस्त्रींची मेणबत्ती कामी आली. डब्यातली महागडी फवारणी करून मी दोन बोल्ट मोडले होते. ते म्हणाले, तापव, लाल नको, नुसता तापव आणि मेणबत्ती टेकव. मेण पातळ होऊन आट्यांत शिरतं. तिसरा बोल्ट किरकिर करत सुटला. इथल्या दोन मित्रांना दाखवलं, आता त्यांच्याही पेटीत मेणबत्ती असते.

दुसरी त्यांची शिकवण ट्रनियनची. या गाड्यांच्या पुढच्या चाकामागे एक उभा लोखंडी दांडा असतो आणि तो खाली पितळी भागात आट्यांवर फिरतो. स्टिअरिंग वळवलं की तो अक्षरशः स्क्रूसारखा फिरतो. मी ग्रीसगन घेऊन बसलेलो बघून मेस्त्री फोनवर ओरडलेच. "ग्रीस नाय! तेल! ग्रीस घातलंस तर मरतलंस." गिअरचं जाड तेल, नव्वद नंबरचं, आट्यांतून बाहेर ओघळेपर्यंत. ग्रीस वरच्या वर सुकतं, खालच्या आट्यांत पाणी शिरतं, दांडा आतून कुरतडला जातो आणि एक दिवस मोडतो, चाक आडवं. माझ्या गाडीला आधी कुणीतरी वर्षानुवर्षं इमानदारीत ग्रीसच भरलेलं होतं. डावा दांडा शिकंजात धरून सोडवला तर आतून लाल चिखल आणि आटे अर्धे गायब. नवीन जोड घेतली.

रंग, वायरिंग, सीट यांचं फार काही सांगण्यासारखं नाही. रंग बाहेरून करून घेतला, मूळचाच, 'मिमोसा' नावाचा पिवळा, हळदीच्या पानावरच्या पातोळ्यांच्या सारणासारखा नव्हे, सरळ हळदीसारखा. चाळीस वर्षांवरच्या गाडीला इथे रोड टॅक्स नाही आणि वार्षिक तपासणीही सक्तीची नाही, पण मी करून घेतली. आपण केलेल्या वेल्डिंगवर आपला विश्वास किती हा प्रश्नच आहे.

गेल्या मे महिन्यात मालवणला गेलो. काकांची हेराल्ड मांगरात, म्हणजे शेडमध्ये, आहे, 1995 पासून. तिच्यावर झापं, बाजूला शेणी, मागच्या सीटवर कोंबडी अंडी घालते. डोक्यात होतं की आता मला येतं, हिलाही उभी करू. नियमही वाचून गेलो होतो: 2021 पासून पन्नास वर्षांवरच्या मूळ स्वरूपातल्या गाड्यांना 'व्हीए' अक्षरांची वेगळी नंबरप्लेट मिळते, नवीन नोंदणीला वीस हजार रुपये. काकूने कपाटातून आर. सी. बुक काढून दिलं. वाळवीने काकांचं नाव ठेवलं होतं, बाकी पानं नव्हती.

मेस्त्री रिक्षाने आले. अठ्ठ्याहत्तर वय, डोळ्याचं ऑपरेशन झालेलं. झापं काढली, दोघांनी मिळून बॉनेट उचललं. ते कलंडलं नाही, बिजागऱ्यांपाशी सुटून आमच्या हातातच आलं. ते भिंतीला टेकवलं. मेस्त्रींनी स्क्रू ड्रायव्हर उलटा धरून चासीवर ठोकत एक फेरी मारली. खडू लागला नाही. मागच्या हातावर तिसरा ठोका दिला तेव्हा मूठ आत गेली.

"ही काय आता उठाची नाय."

मी पत्र्यांच्या किमती सांगायला लागलो. इंग्लंडहून चासीचे हात मागवता येतील, मजुरी मीच करीन, दरवर्षी मे महिन्यात येईन. त्यांनी ऐकून घेतलं. मग डाव्या टायरवर बसायला गेले. टायर तीस वर्षं बसलेला, त्यामुळे ते पूर्वीपेक्षा वीतभर खाली बसले आणि स्वतःशीच काहीतरी पुटपुटले. मग बोट दाखवलं. मी फडक्यातून पाना दिला. चुकीचा होता, दुसरा दिला.

चाक काढलं. मेस्त्रींनी ट्रनियनचा बोल्ट ढिला केला, त्याला मेणबत्तीही लागली नाही. पितळी भाग हाताने धरून ते फिरवत राहिले, न थांबता, बरणीचं झाकण फिरवावं तसा. तो खाली आला. आतले आटे अखंड होते आणि त्यांच्यावर काळं, काकवीसारखं घट्ट तेल होतं. मेस्त्रींनी त्यात बोट बुडवून माझ्यासमोर धरलं, मग लुंगीला पुसलं, आणि काकूला हाक मारून चहा ठेवायला सांगितला.