अंगठी मोठी करून आणली, पण हिरा तोच का?

सोन्याच्या बाबतीत खान्देशातल्या माणसाला कुणी शिकवू नये. घट किती धरली, मोडीला काय भाव लावला, मजुरी ग्रॅममागे की नगावर, हे आमच्याकडे शाळकरी पोरालाही कळतं. जळगावला सुवर्णनगरी म्हणतात ते उगीच नाही. हिऱ्याचा विषय निघाला की मात्र हीच माणसं गप्प होतात. माझ्या सासूबाई अमळनेरच्या. त्यांच्या मते हिरा म्हणजे मोडीला अर्धा भाव न येणारी काच. तरीही मी अंगठी मोठी करायला देते म्हटल्यावर पहिला इशारा त्यांनीच दिला, "खडा बदली देतीन वं, दखी ले!"

अंगठी २००९ ची, माहेरून आलेली. अठरा कॅरेट सोनं, मध्ये ०.५२ कॅरेटचा गोल हिरा, दोन्ही खांद्यांवर तीन-तीन बारीक खडे. सोबत जीआयए या हिरे तपासणाऱ्या संस्थेचं सर्टिफिकेट. बोटांचे सांधे सुजायला लागल्यापासून ती मधल्या पेरावर अडकायची. तेरा नंबरची सतरा करायची होती. त्यासाठी खालची पट्टी कापतात, सोन्याचा तुकडा घालून झाळतात, मग घासून पॉलिश करतात. काम साधं आहे, पण अंगठी कारागिराकडे राहते, आपल्या डोळ्यांसमोर नाही.

नणंदेचा मुलगा सुरतला हिऱ्याच्या असॉर्टिंगमध्ये, म्हणजे प्रतवारीच्या कामात, आहे. तापी लाइनवरच्या, म्हणजे सुरत-जळगाव रेल्वेमार्गावरच्या, प्रत्येक गावातलं कोणी ना कोणी सुरतला असतंच, तसा आमचा हा. त्याला फोन केला. तो म्हणाला, "मामी, परत आल्यावर काय बघणार? आधी बघून ठेवा. आधीचं काही नसेल तर नंतर ताळा कशाशी घेणार?"

सर्टिफिकेटवर माप होतं ५.१४ ते ५.१७ मिलिमीटर, रंग एच, क्लॅरिटी (आतून किती स्वच्छ) एसआय१, फ्लोरेसन्स (अल्ट्राव्हायोलेट उजेडातली चमक) मध्यम निळा. आणि हिऱ्याच्या कडेवर, म्हणजे गर्डलवर, लेसरने रिपोर्ट नंबर कोरल्याची नोंद. आतले डाग कुठे आहेत याचा नकाशा नव्हता. जीआयएच्या लहान सर्टिफिकेटवर, ज्याला ते डॉसिएर म्हणतात, तो नसतोच. मग तो मीच काढायचा ठरवला.

दहा पटीचं भिंग ऑनलाइन काही शे रुपयांत मिळतं. सुरतेत त्याला आयग्लास म्हणतात. आधी अंगठी कोमट पाण्यात भांड्याच्या साबणाने, मऊ ब्रशने धुतली. हिऱ्याला तेलकटपणा फार लवकर चिकटतो, आणि त्या थराखाली काही दिसत नाही. मग भिंग डोळ्याला टेकवून अंगठी हळूहळू जवळ आणत गेले. सुरुवातीला नुसता झगमगाट दिसला. फोकस वरच्या सपाट भागाच्या थोडा खाली गेल्यावर एक काळा ठिपका सापडला, मोहरीच्या दाण्याचा शंभरावा भाग म्हणावा एवढा. भाच्याच्या भाषेत नॅट्स. कडेजवळ एक पांढुरकी पिसासारखी रेघ, तिला फेदर म्हणतात. आतला हॉलमार्कचा शिक्का डाव्या हाताला येईल अशी अंगठी धरायची आणि घड्याळाच्या काट्यांप्रमाणे जागा लिहायची, हे त्यानेच सांगितलं. ठिपका चारवर, फेदर अकराच्या जवळ. भिंग मोबाइलच्या कॅमेऱ्याला टेकवून फोटोही काढले. कोरलेला नंबर अर्धा पंजाखाली, म्हणजे हिरा धरून ठेवणाऱ्या सोन्याच्या आकड्याखाली, गेला होता, शेवटचे चारच आकडे वाचता आले.

त्याने अल्ट्राव्हायोलेट टॉर्चही मागवायला लावला, ३६५ नॅनोमीटरचा. दिवे घालवून बाथरूममध्ये उजेड टाकला तर मधला हिरा निळा झाला. बाजूच्या सहा खड्यांपैकी डावीकडचा मधला आणि उजवीकडचे वरचे दोन चमकले, बाकीचे तीन काळेच. त्याचाही फोटो घेऊन ठेवला. तो घेताना हे जरा अति होतंय असं वाटलं होतं.

दुकानाचं नाव लिहीत नाही. पावतीवर "हिऱ्याची अंगठी, १ नग" एवढंच लिहिलं होतं. मी म्हटलं, भाऊ, हिऱ्याचं वजन आणि सर्टिफिकेट नंबरही लिहा. काउंटरवरच्या मुलाला ते आवडलं नाही, पण लिहिलं. "खडा काढायची गरजच नाही, ताई. खालून कापतात," असंही सांगितलं.

अंगठी परत आली ती अशी लखलखीत, की सासूबाई बघताक्षणी म्हणाल्या, "हाऊ तो खडा नई शे." अल्ट्रासॉनिकमध्ये धुतलेला आणि वाफ मारलेला हिरा वेगळाच दिसतो हे मला माहीत होतं. पण भिंग लावलं तर ठिपका चारवर नव्हता. सहावर होता!

आम्ही तसेच दुकानात गेलो. शेठनी ड्रॉवरमधून पेनासारखं मशीन काढून हिऱ्यावर टेकवलं, दिवे वर चढले, टूं झालं. "बघा ताई, ओरिजिनल डायमंड." इथेच बहुतेक लोक घरी जातात. ते मशीन हिरा उष्णता किती पटकन वाहून नेतो एवढंच बघतं. काचेवर किंवा अमेरिकन डायमंडवर ते वाजत नाही. नुसती उष्णता बघणारं मशीन मोइसनाइटलाही, म्हणजे हिऱ्यासारख्या दिसणाऱ्या दुसऱ्याच खड्यालाही, हिरा म्हणतं आणि प्रयोगशाळेत वाढवलेल्या सीव्हीडी हिऱ्यालाही, कारण सीव्हीडी हिराच असतो. त्याची किंमत मात्र खाणीतल्या हिऱ्याच्या पासंगालाही पुरत नाही. हिरा आहे का, हे मी विचारलंच नव्हतं. माझा आहे का, हे विचारत होते.

यांनी, म्हणजे आमच्या घरच्यांनी, वजन करून बघू म्हटलं. त्याचाही उपयोग नाही. ०.५२ कॅरेट म्हणजे १०४ मिलिग्रॅम. पट्टीत घातलेला सोन्याचा तुकडाच त्याहून जड. एकूण वजन बघून हिऱ्याबद्दल काही कळत नाही, आणि हिरा सुटा करून तोलायचा तर पंजे पुन्हा उघडायचे.

तिथूनच भाच्याला व्हिडिओ कॉल लावला. फोटो बघून त्याने एकच विचारलं, "फेदर कुठे आहे?" फेदर एकवर होती. "मग मामी, दोन्ही दोन-दोन तासच सरकलेत. मधलं अंतर तेच. हिरा फिरलाय, बदललेला नाही. पण पंज्यातून काढल्याशिवाय तो फिरत नाही. विचारा त्यांना."

विचारलं. आतून कारागिराला बोलावलं. बंगाली मुलगा, तोडकं मराठी. तो सरळ म्हणाला की एक पंजा झिजला होता, त्यावर सोनं भरताना हिरा काढला. ज्योतीत ठेवला तर खराब होईल म्हणून. भाच्याचं मत पडलं की हे त्याने शहाणपणाचं केलं. हिरा ज्योत सोसतो, पण हवेत फार तापला तर त्याचा पृष्ठभाग धुरकटतो, आणि कडेला फेदर असलेला खडा तापवायची जोखीम कोण घेईल? काम चांगलं होतं, फक्त आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं.

हिरा फिरल्याचा एक फायदा झाला. पंजाखाली दडलेले आकडे आता दोन पंजांच्या मधे मोकळे आले होते. दुसऱ्या एका दुकानात मायक्रोस्कोप आहे, तिथे ओळखीवर बघू दिलं. अंगठी आडवी धरून कडेवर फोकस केल्यावर जीआयए ही अक्षरं आणि पुढचा अख्खा नंबर वाचता आला. जीआयएच्या वेबसाइटवर तो टाकला की रिपोर्ट उघडतो. आमच्या कागदाशी ओळ न् ओळ जुळला. तरी नुसत्या नंबरावर मी थांबले नसते. प्रयोगशाळेतल्या हिऱ्यावर खाणीतल्या हिऱ्याचा नंबर कोरून विकल्याचे प्रकार जीआयएलाच सापडलेले आहेत. नंबर, ठिपका, फेदर आणि त्यांच्यातलं अंतर, हे सगळं एकत्र जुळलं म्हणून माझी खात्री पटली. (हल्लीच्या दागिन्यांवरचा एचयूआयडी, म्हणजे हॉलमार्कसोबतचा ओळख क्रमांक, यात कामाचा नाही. तो २०२१ पासून आला, आणि तो सोन्याबद्दल बोलतो, खड्याबद्दल नाही.)

टॉर्च घरी येऊन मारला, खरं तर हौस म्हणून. फ्लोरेसन्स हा एकतर्फी पुरावा. साधारण २५ ते ३५ टक्के हिरे कमी-जास्त चमकतात, तेव्हा निळा दिसला म्हणून तो आपलाच असं नाही. दिसला नसता तर मात्र आपला नाही हे नक्की. मधला हिरा निळा झाला. डावीकडचा मधला खडाही झाला. उजवीकडे वरून दोन चमकायला हवे होते, चमकला एकच.

आधीचा फोटो शेजारी धरून बघितलं. दुसरा खडा काळा. आकार तोच, झळाळी तीच, भिंगातून काही फरक कळत नव्हता. या बारीक खड्यांना ना सर्टिफिकेट असतं ना नंबर, त्यांची ओळख म्हणाल तर तेवढीच.

दुसऱ्या दिवशी दोन्ही फोटो काउंटरवर ठेवले. या वेळी वेळ लागला नाही. पट्टी वाढवताना खांद्यावर ताण येतो, त्यात एक खडा निघाला आणि घासताना हरवला. दुकानातला त्याच मापाचा लावला, असं कारागिराने सांगितलं. सव्वा मिलिमीटरच्या आसपासचा, सेंटभराचा, म्हणजे कॅरेटच्या शंभराव्या भागाचा खडा, त्याची किंमत फार नाही. शेठ म्हणाले, "एवढ्याशा खड्यासाठी ताई...?" मी म्हटलं, शेठ, किमतीचं राहू द्या, पावतीवर लिहा. त्यांनी जुन्या पावतीच्या मागे लिहून दिलं: मुख्य हिरा काढून पुन्हा बसवला, एक पंजा भरला, उजवीकडचा दुसरा खडा दुकानाकडून बदलला. सही, शिक्का, तारीख. पंजा भरल्याची मजुरी त्यांनी लावली नाही, मीही तिचा विषय काढला नाही.