"मामा, एवढं चिडायला काय झालं?"

सोनूनं काल सकाळी माझा नवीन व्हिडिओ बघता बघता मध्येच थांबवला आणि विचारलं, "मामा, एवढं चिडायला काय झालं? तो फक्त बाहेर जा म्हणाला ना?"

मी बुटाची नाडी बांधत होतो. उशीर झालाय म्हणालो आणि निघालो. लोकलमध्ये, जेवायच्या सुट्टीत, परत येताना, दिवसभर तेच वाक्य डोक्यात. आत्ता रात्रीचा दीड वाजलाय आणि झोप नाही, म्हणून लिहायला बसलोय.

मी गेम खेळतानाचे व्हिडिओ यूट्यूबवर टाकतो. हा 'माफिया थ्री' या गेमचा सातवा भाग होता. गेमचा काळा नायक लिंकन क्ले एका दुकानात शिरतो. दारावर पाटी आहे, काळ्यांना प्रवेश नाही. १९६८ साल. अमेरिकेत असल्या पाट्या बेकायदा ठरवणारा कायदा १९६४ मध्येच झालाय, पण पाटी आहे तशीच. दुकानदार दाराकडे बोट दाखवतो, बाहेर हो म्हणतो, आणि पुढं काळ्यांना शिवी म्हणून वापरतात तो शब्द बोलतो. खेळताना मी क्षणभरही थांबलो नाही. बटण दाबलं, लिंकननं त्याला गल्ल्यावरच ठोसा मारला. मागची माणसं ओरडत पळाली. माझा स्वतःचा श्वास माइकमध्ये ऐकू येतोय, इतका मी त्यात होतो.

मग एडिटिंगला बसलो. असले शब्द ठेवले की व्हिडिओवर पिवळा डॉलर येतो, म्हणजे जाहिरातींचे पैसे कमी होतात किंवा बंदच होतात. आधीच्या दोन भागांना आलाच होता. म्हणून त्या भागात चौदा ठिकाणी आवाज कापला. बीप कानाला टोचतो, म्हणून बीपही नाही टाकला, नुसती शांतता ठेवली. दुकानदाराच्या वाक्यातला तो तुकडा ऑडिओच्या पट्टीवर नखाएवढा होता. निवडला आणि डिलीट केला. ओठ हलतात, आवाज नाही, आणि लगेच लिंकनचा ठोसा.

सोनूचं चुकलं नाही. त्याला जे ऐकू आलं त्यात एक दुकानदार होता आणि एक धटिंगण होता. शिवी मी पुसली आणि राग तेवढा ठेवला. माझा कट शिवी देणाऱ्याला शोभला, खाणाऱ्याला नाही. हे मला कापताना कसं दिसलं नाही?

दिसायला हवं होतं. गेम सुरू व्हायच्या आधी पडद्यावर एक निवेदन येतं. बनवणाऱ्यांनी लिहिलंय की या पात्रांची वंशद्वेषी भाषा आम्हाला किळसवाणी वाटते, पण आपल्या भूतकाळातला हा लाजिरवाणा भाग वगळणं हाच ज्या लाखो लोकांनी ते भोगलं त्यांचा अपमान ठरला असता. पहिल्या भागात मीच ते मराठीत सांगितलं होतं, आवाज जड करून. सातव्या भागात मीच कात्री घेतली.

स्वतःची समजूत घालून बघितली. म्हटलं, बाकीचा गेम सांगतोच आहे की. डेलरे हॉलोमध्ये, म्हणजे काळ्यांच्या गरीब वस्तीत, गुन्हा झाला तर पोलीस रमतगमत येतात. फ्रिस्को फील्ड्समध्ये, गोऱ्या श्रीमंतांच्या बंगल्यांत, लगेच हजर. लिंकन नुसता रस्त्यानं चालला तरी पोलिसाची मान त्याच्या मागं वळते. यात शब्द लागतच नाही. पण ते हळूहळू कळत जातं, दहा-बारा तास खेळल्यावर. शब्द लागतो तो एका क्षणात, आणि त्या क्षणीच आपण खुर्चीत बसलेला खेळाडू न राहता तिथं उभे असतो. तो क्षण काढला की आपण परत आपल्या खुर्चीत येतो.

सगळंच ठेवावं असंही मला म्हणायचं नाही. 'व्हाइस सिटी' या जुन्या गेममधलं हैतीच्या लोकांना मारा म्हणणारं वाक्य २००३ मध्ये अमेरिकेतल्या हैतीयन लोकांनी निषेध केल्यावर पुढच्या प्रतींतून काढायचं ठरलं, आणि बरं झालं. त्या वाक्यामागं हैतीचं कुणी माणूस म्हणून उभंच नव्हतं. ते ज्याच्यावर गोळी झाडायची ते एक लक्ष्य, बस. मी ते स्टेशनसमोरच्या सायबर कॅफेत तासाला दहा रुपये देऊन खेळलोय, अकरा वर्षांचा असताना, आणि असं काही वाक्य आहे हे मला कळलंही नव्हतं. लिंकनचं तसं नाही. इथं शिवी ज्याला बसते त्याच्याच डोळ्यांतून आपण बघतोय.

आणि हे सगळं लिहितोय तरी खरं टोचतंय ते वेगळंच.

आबांचा कप.

आजी सांगायची, हॉटेलवाला काहीतरी बोलला, आबांनी कप आपटला, आणि त्याच आठवड्यात गाव सोडून मुंबईला गिरणीत लागले. काहीतरी बोलला. एवढंच. दर दिवाळीला तीच गोष्ट, दर वेळी त्याच जागी 'काहीतरी'. आम्ही पोरं हसायचो, एका कपासाठी माणूस गाव सोडतं होय? घरात ठरूनच गेलं होतं की आबा तापट. आईही म्हणायची, तू आबांवर गेलायस, लवकर डोकं फिरतं तुझं.

साल १९६१. अस्पृश्यतेविरुद्धचा कायदा १९५५ चा. आबांचा कप मागच्या भिंतीतल्या कोनाड्यात वेगळा ठेवलेला असायचा, कान तुटलेला, आणि तो त्यांनी स्वतःच विसळून परत ठेवायचा. त्या दिवशी त्यांनी आतला कप मागितला. हॉटेलवाला काय म्हणाला ते बाबांनी मला सांगितलं ते आबा गेल्यानंतर, घाटावरून परत येताना, आणि सांगितलं तेही माझ्याकडं न बघता. मी सव्वीस वर्षांचा होतो. तोवर माझा आजा तापट होता.

आजीनं तो शब्द तोंडात घेतला नाही, तो तिचा हक्क होता. तिच्या पोरांच्या कानावर तो तिच्या आवाजात पडायला नको होता तिला. मी मात्र कुणासाठी कापला? डॉलर हिरवा राहावा म्हणून. आठ महिने नोकरी सांभाळून रात्री दोन-दोनपर्यंत जागतोय, डोळे जळतात, महिन्याला इंटरनेटचं बिलही सुटत नाही, आणि तरी... जाऊ दे.

संध्याकाळी घरी आल्यावर तो भाग काढून टाकला. मूळ रेकॉर्डिंग शोधलं आणि पुन्हा एडिट केलं. रस्त्यावर येताजाता कुणी काही ओरडतं, ते तेरा कट तसेच ठेवले, तिथं चिडणारं कुणी नाही. दुकानातला आवाज परत आणला. चढवल्यावर थोड्याच वेळात डॉलर पिवळा झाला. असू दे. त्या भागाचे पैसे आले असते तरी किती?

मग सोनूला हाक मारली. एकोणीस वर्षांचा आहे, लहान नाही आता. हेडफोन काढून स्पीकरवर लावलं. दुकान, पाटी, बोट, शब्द, ठोसा. तो काही बोलला नाही. स्वतःच मागं घेऊन परत एकदा लावलं. मग स्क्रीनकडं बघतच म्हणाला,

"मामा, आबांना काय म्हणाला होता तो हॉटेलवाला?"

त्याला 'काहीतरी'ची गोष्ट माहीत आहे हेच मला माहीत नव्हतं.

बाबा पलीकडं बातम्या बघत बसले होते. त्यांनी रिमोट उचलला आणि टीव्हीचा आवाज बंद केला.