क्लार्क्सडेलचा पोट्टा

अमेरिकेत मेम्फिसला येऊन मला सहा वर्षं झाली. इथून क्लार्क्सडेल गाडीने दीड तासावर. हायवे ६१ धरायचा आणि मिसिसिपी राज्यात शिरून सरळ दक्षिणेला जायचं. तरी तिथल्या किंगफिश नावाच्या गिटारवाल्याचं नाव मला पहिल्यांदा कळलं ते मुंबईहून आलेल्या फोनवर. फेब्रुवारी २०२३ मध्ये माझा मावसभाऊ वांद्र्याला मेहबूब स्टुडिओतल्या ब्लूज महोत्सवाला गेला होता. गेला होता बडी गाय या शिकागोच्या म्हाताऱ्या गिटारवाल्याला ऐकायला, आणि परत आला तो चोवीस वर्षांच्या एका धिप्पाड पोराचं नाव घेत. "ताई, तुझ्या शेजारच्या गावचा आहे तो! तुला माहीतच नाही?"

नव्हतं. मला इथली इंडियन ग्रोसरीची दुकानं माहीत होती. आणि किंगफिश म्हटल्यावर डोळ्यांसमोर बाटली आली, खोटं कशाला बोलू.

पोराचं पूर्ण नाव क्रिस्टोन इंग्राम, जन्म १९ जानेवारी १९९९. मग मी त्याचं सगळं ऐकत सुटले आणि गेल्या ऑक्टोबरात, आडवारी सुट्टी टाकून, नवऱ्याला घेऊन त्याच्या गावी जाऊन आले.

मेम्फिस सोडलं की थोड्याच वेळात जमीन एकदम सपाट होते. त्या भागाला डेल्टा म्हणतात. काळी, चिकट, पावसात बुटाला गोळे लागणारी माती, आणि रस्त्याच्या दोन्ही कडांना उडून पडलेला कापूस. मी यवतमाळची. मला गाडी थांबवावीच लागली. नवरा पुण्याचा, त्याला कळेना मी रस्त्याकडेला काय वेचते आहे. फरक एवढाच की वावरात माणूस दिसत नाही. एक अजस्र यंत्र वेचतं आणि मागच्या बाजूने रंगीत प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला, माणसाएवढा गठ्ठा टाकत पुढे जातं. आमच्याकडे दिवाळीत कंबरेला ओटी बांधून वाकलेल्या बायांच्या रांगा डोळ्यांसमोर आल्या.

हे नातं तसं जुनं आहे. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध चाललं होतं. इथला कापूस अडकला, लँकेशायरच्या गिरण्या उपाशी पडल्या आणि वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. आमच्याकडे तेजी आली तेव्हा इथे काळी माणसं याच मातीत गुलाम होती. गुलामी संपल्यावरही बहुतेकांच्या नशिबी वाट्याने शेती आणि मालकाच्या वहीतलं कर्ज आलं. ब्लूज त्या माणसांनी केलेलं गाणं आहे.

पुढे यंत्र आलं. क्लार्क्सडेलच्या वेशीवर हॉपसन नावाचा मळा आहे, तिथे १९४४ साली पेरणीपासून वेचणीपर्यंत सगळं पीक यंत्राने काढून दाखवलं गेलं. माणसं आधीच आगगाडीने शिकागोला निघाली होती, आता लोंढे गेले. जवळच्याच स्टोव्हल मळ्यावर ट्रॅक्टर चालवणारा, ब्लूज गाणारा मडी वॉटर्स १९४३ मध्ये गेला. तिथल्या कोलाहलात साधी गिटार कोणाला ऐकू येणार, म्हणून त्याने ती विजेवर घेतली. आपण आज ज्याला रॉक म्हणतो त्यातलं बरंच काही तिथून निघालं.

क्लार्क्सडेलमध्ये शिरताना एक चौक लागतो. खांबावर तीन निळ्या गिटारी लावल्या आहेत, पर्यटक फोटो काढतात. आख्यायिका अशी की रॉबर्ट जॉन्सन नावाच्या गवयाने मध्यरात्री अशाच एका चौरस्त्यावर सैतानाला आत्मा विकला आणि बदल्यात गिटारची विद्या मिळवली. (आपण तिठ्यावर लिंबू-मिरच्या टाकतो. चौरस्त्याचं भय सगळीकडे सारखंच दिसतं.) किंगफिशविषयी लिहिणारेही हटकून सैतानाला बोलावतात, नाहीतर "रक्तातच आहे" म्हणून मोकळे होतात. मला या दोन्हीचा राग येतो. कारण त्या पोराला ही विद्या कुठे मिळाली हे अगदी सरळ सांगता येतं: चौकापासून थोडं पुढे, मालगाड्यांच्या जुन्या धक्क्यावर, शाळा सुटल्यानंतरच्या शिकवणीत.

तो धक्का १९१८ चा. आता तिथे डेल्टा ब्लूज म्युझियम आहे. मडी वॉटर्सचं लाकडी खोपटं मळ्यावरून उचलून आत आणून ठेवलंय. पण म्युझियमचं खरं काम मला त्या खोपट्यात दिसलं नाही. तिथे गावातल्या पोरांना वाद्यं शिकवतात. क्रिस्टोन लहान असताना वडिलांनी त्याला मडी वॉटर्सवरचा माहितीपट दाखवला आणि पुढे या वर्गात नाव घातलं. तो आधी ड्रम शिकला, मग बेस, मग गिटार. बिल पेरी आणि रिचर्ड क्रिसमन हे त्याचे गुरू. 'किंगफिश' हे नावही पेरींनीच ठेवलेलं, जुन्या टीव्ही मालिकेतल्या एका पात्रावरून. तालमीत वस्तादाने पोराला टोपणनाव द्यावं, तसं.

बरोबरची पोरं हिप-हॉप ऐकणारी, त्यांच्या लेखी ब्लूज म्हणजे आजोबांचं गाणं. याच्या पहिल्या अल्बममधल्या एका गाण्यात आजीच हसून म्हणते, की बाळा, तू आधी एकदा येऊन गेलेला दिसतोस. माझी आजी असंच म्हणायची, फक्त ती माझ्या आगाऊपणाबद्दल म्हणायची.

आता गाण्याबद्दल, कारण आमच्या घरातल्या शास्त्रीयवाल्यांनी विचारलंच आहे. ढोबळ साचा बारा मात्रांच्या नव्हे, बारा बारच्या (एक बार म्हणजे साधारण चार मात्रा) आवर्तनाचा. पहिली ओळ म्हणायची, तीच पुन्हा म्हणायची, तिसरीत उत्तर द्यायचं. ओळीनंतर जागा सोडायची आणि तिथे गिटारने बोलायचं. तार बोटाने खेचून स्वर वर चढवतात, आपल्या सतारीच्या मिंडेसारखा. आणि गंधार लावतात तो ना धड कोमल, ना धड शुद्ध, दोहोंच्या मध्ये कुठेतरी. हार्मोनियमवर तो सापडत नाही. किंगफिश तिथे थांबतो, सवडीने. त्याच्या वेगाचं कौतुक यूट्यूबवर फार होतं, पण मला तो संथ गाण्यात जास्त आवडतो, जिथे दोन स्वरांत पाणी पिऊन येता येईल.

२०१४ मध्ये, पंधराव्या वर्षी, तो म्युझियमच्या पोरांच्या बँडबरोबर व्हाइट हाउसमध्ये मिशेल ओबामांसमोर वाजवून आला. २०१९ मध्ये शिकागोच्या अ‍ॅलिगेटर रेकॉर्ड्सने पहिला अल्बम काढला, त्यात खुद्द बडी गाय एका गाण्यात आला. पुढच्या वर्षी ब्लूज म्युझिक अवॉर्ड्समध्ये त्याला पाच पुरस्कार. दुसऱ्या अल्बमला एप्रिल २०२२ मध्ये ग्रॅमी. फेंडर कंपनीने त्याच्या नावाची जांभळी टेलिकास्टर गिटार काढली. यादी एवढी पुरे.

मला त्या दोन अल्बमांच्या मधलं अंतर जास्त बोलतं वाटतं. पहिल्यात एक गाणं आहे गाव सोडून जाण्याचं. दुसऱ्याचं नावच आहे '६६२'. हा उत्तर मिसिसिपीचा फोनचा एरिया कोड. म्हणजे आपल्यातल्या कोणी यवतमाळ सोडायचं गाणं गावं, जगभर हिंडावं आणि मग पुढच्या अल्बमला '०७२३२' नाव द्यावं! मी हे नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, पुण्याचं '०२०' छोटं आहे, कव्हरवर बसेल. असो.

त्या दोहोंच्या मध्येच त्याची आई गेली, डिसेंबर २०१९ मध्ये. प्रिन्सेस प्राइड तिचं नाव, कंट्री संगीतातला मोठा गायक चार्ली प्राइड तिचा चुलतभाऊ. पोरगा शाळेत असल्यापासून ही बाई त्याच्या पाठीशी होती. पहिला अल्बम आला तेव्हा ती होती, ग्रॅमी मिळालं तेव्हा नव्हती. '६६२' मध्ये त्याने तिच्यावर एक गाणं केलं आहे.  परतीच्या वाटेवर मी ते लावलं आणि दोन मिनिटांत बंद केलं. माझ्या आईला गुडघ्यांमुळे आता विमानाचा प्रवास झेपत नाही. ते गाणं मी गाडीत ऐकत नाही.

गाव गरीब आहे, हे सांगायला हवं. २०२० च्या जनगणनेत जेमतेम पंधरा हजार वस्ती. मुख्य रस्त्यावरची कितीतरी दुकानं फळ्या ठोकून बंद. हॉलिवूडचा नट मॉर्गन फ्रीमन ज्याच्या मालकांपैकी एक, तो ग्राउंड झीरो क्लब म्युझियमच्या शेजारीच आहे. त्याच्या भिंतींवर जगभरच्या पाहुण्यांनी नावं खरडली आहेत. मराठीत नाव शोधलं, नाही सापडलं. आम्हीही लिहिलं नाही. शनिवारवाड्यावर खरडणाऱ्यांना शिव्या घालत मोठे झालो, हात उचलेना.

म्युझियममधून निघताना साडेचार वाजले होते. आतून ड्रमचा आवाज यायला लागला, मग एक गिटार, मग दुसरी, दोन्ही एकमेकींच्या मागेपुढे. कोणीतरी मोठ्या माणसाने थांबवलं. पुन्हा सुरू. पुन्हा त्याच जागी चुकलं, पुन्हा थांबवलं. बाहेर पार्किंगमध्ये एका जुन्या गाडीत एक बाई बसली होती, अंगावर कुठल्यातरी दुकानाचा गणवेश, सीट मागे टाकून, डोळे मिटून. चौथ्यांदा ती जागा बरोबर आली तेव्हा तिने डोळे न उघडताच स्टिअरिंगवर दोन बोटं आपटली.