शिरिंजेला मुक्कामच करा

तुर्कस्तानच्या टूरमध्ये शिरिंजे हे गाव एफेससच्या शेपटाला बांधलेलं असतं. सकाळी एफेससचे रोमन अवशेष, मग जेवण, मग जाता जाता शिरिंजे. तुतीच्या नाहीतर डाळिंबाच्या वाइनचा घोट, ऑलिव्हचा साबण, फोटो, चला बसमध्ये. आम्ही मे महिन्याच्या सुट्टीत आमचे आम्हीच गेलो आणि तिथे राहिलो, याचं श्रेय माझ्या सासूबाईंना.

आईंनी पुण्यात उभा जन्म शाळेत गणित शिकवलं. एफेससला 'दगडंच बघायची तर सिंहगड काय वाईट आहे?' असं म्हणून त्या सावलीला बसून राहिल्या. (माझ्या मते एफेसस बघण्यासारखं आहेच. पण घरात कोण कोणाचं ऐकतं!) त्यांना घाई होती ती शिरिंजेजवळच्या गणिताच्या गावाची, जिथे मुलं येऊन राहतात आणि गणित शिकतात. अली नेसिन नावाच्या गणितज्ञाने २००७ मध्ये डोंगरउतारावर ते उभं केलं. २०१८ मध्ये त्यासाठी त्यांना लीलावती पुरस्कार मिळाला. आपल्या भास्कराचार्यांची लीलावती! गणित लोकांपर्यंत नेणाऱ्याला आंतरराष्ट्रीय गणित परिषदेत हा पुरस्कार देतात, आणि तो पहिल्यांदा दिला गेला २०१० मध्ये, हैदराबादला. हे सगळं आईंनी मला विमानात दोनदा सांगितलं.

गाव म्हणाल तर डोंगराच्या कुशीत चढत गेलेली पांढरी दुमजली घरं, वर लाल कौलं. गल्ल्या दगडी आणि चढाच्या, त्यामुळे बूट चांगले हवेत. एका दारात एक बाई गोझलेमे करत बसल्या होत्या. पाट असावा तसं बुटकं गोल टेबल, हातात बोटाएवढी जाड, लांबलचक काठी. कणकेचा गोळा त्या काठीलाच गुंडाळत, उलगडत, पुन्हा गुंडाळत इतका पातळ केला की खालचं लाकूड दिसायला लागलं. मग पालक आणि पांढरं चीज पसरून घडी, आणि घडी उलथ्या लोखंडी तव्यावर. आई बराच वेळ हाताकडे बघत होत्या. 'मांडे येतील हिला,' त्या म्हणाल्या. आईंच्या तोंडून एवढं कौतुक मी माझ्या स्वयंपाकाचं अजून ऐकलेलं नाही.

ही घरं बांधली ग्रीकांनी. १९२२ पर्यंत इथे ऑर्थोडॉक्स ख्रिश्चन ग्रीकांची वस्ती होती. ग्रीस-तुर्कस्तान युद्धानंतर त्यांना गाव सोडावं लागलं, आणि १९२३ मध्ये ग्रीस व तुर्कस्तानने करार करून माणसांचीच अदलाबदल केली. भाषा कुणी विचारली नाही, धर्म तेवढा पाहिला. तिकडून आलेली मुसलमान कुटुंबं रिकाम्या घरांत राहिली. सेंट जॉनच्या चर्चमध्ये उडालेल्या रंगांची चित्रं बघताना मला आमच्या सोसायटीतल्या, पिंपरीच्या सिंधी कॅम्पात वाढलेल्या काकू आठवल्या. कराचीतल्या घराचा जिना त्या अजून पायऱ्यांसकट सांगतात. शिरिंजेतल्या प्रत्येक जिन्याची अशी कुणीतरी काकू ग्रीसमध्ये असणार.

दुसऱ्या दिवशी गणिताचं गाव. दगडी खोल्या, झाडांखाली उघड्यावर लिहायचे फळे, टीव्ही नाही, स्पीकरवर गाणी नाहीत. स्वयंपाक-भांड्यांत मुलांना हात लावावा लागतो, हे ऐकून माझा लेक गप्प झाला. एक गट आलेला होता. त्यातल्या फळ्याजवळच्या एका मुलाला आईंनी आपल्या शाळेतल्या इंग्रजीत लीलावतीतलं भुंग्यांचं गणित घातलं: भुंग्यांचा पाचवा भाग कदंबावर गेला, तिसरा भाग शिलींध्रावर, या दोन भागांतल्या फरकाच्या तिप्पट कुटजावर, आणि एक भुंगा केतकी आणि मालतीच्या वासात अडकून हवेत घिरट्या घालतोय. एकूण भुंगे किती? मुलानं क्ष मांडला, क्षणात पंधरा काढले आणि मग विचारलं, 'कदंब म्हणजे काय?' आईंनी माझ्याकडे बघितलं, मी नेटवर फोटो शोधला, तोवर तिथे आणखी चौघे गोळा झाले होते. आई जेवायला यायला तयार होईनात.

जायचं असेल तर इझमीरहून ट्रेनने सेल्चुक आणि तिथून डोलमुश, म्हणजे आपली वडाप, आठेक किलोमीटर. मुक्काम करा. संध्याकाळी बसगाड्या गेल्या की दुकानदारही घासाघीस करायच्या मूडमध्ये नसतात, गप्पा मारायच्या मूडमध्ये असतात. गरम वाळूत भांडं ठेवून शिजवलेली कॉफी तेव्हाच प्यावी. वाइन मात्र मला फार गोड लागली. नवऱ्याने माझाही पेला संपवला.