ग्रेट नॉटची एंट्री कन्फर्म कशी झाली

शिवडीला ग्रेट नॉट (चिखलात चरणारा एक किनारी पक्षी) दिसला, ईबर्डवर, म्हणजे पक्ष्यांच्या नोंदी ठेवणाऱ्या ॲपवर टाकला, फ्लॅग (ही नोंद तपासा अशी खूण) लागला आणि शेवटी रेकॉर्ड कन्फर्म झालं. मधे काय काय झालं ते लिहिते, पक्षी बघणाऱ्यांच्या ग्रुपवर बरेच जण विचारत असतात म्हणून.

आधी भरतीचं बघा. ओहोटीला गेलात तर पक्षी पार लांब चिखलात, नुसते ठिपके. पाणी चढायला लागलं की ते हळूहळू जेट्टीकडे सरकतात आणि पूर्ण भरलं की उडून जातात, म्हणजे मधला वेळच कामाचा, आणि भरती रोज साधारण 50 मिनिटं पुढे जाते त्यामुळे गेल्या आठवड्याची वेळ धरून जाऊ नका. मी मुद्दाम दुपारनंतरची भरती निवडते. शिवडीचा किनारा पूर्वेकडचा, सकाळी सूर्य थेट डोळ्यात येतो आणि सगळे वेडर (चिखलात चरणारे पक्षी) काळेच दिसतात.

तर कर्ल्यू सँडपायपरच्या थव्यात एक जाडजूड पक्षी. एक काका येऊन म्हणाले, "ताई, फ्लेमिंगो तिकडे आहेत, तुम्ही इकडे चिखलात काय बघताय?" मी हसून परत दुर्बिणीला डोळे लावले. उंचीला शेजारच्या रेडशँकपेक्षा बुटका, पण अंगाने भरलेला, चोच काळी, डोक्यापेक्षा लांब आणि टोकाला जराशी खाली वाकलेली. छातीवर दाट रेघा, कडेला ठिपके. तिथेच फोनवर हे सगळं बोलून रेकॉर्ड केलं, घरी येऊन आठवत बसलं की पुस्तकातलं चित्रच आठवतं, पक्षी नाही.

फोटो चांगले नव्हते हो. लेन्स साधी, उकाड्याने हवा थरथरतेय, पण शेजारी रेडशँक असलेला एक फोटो होता आणि थवा उडाला तेव्हाचा एक, त्यात शेपटीच्या वरचा भाग पांढरा दिसतोय. काम त्यानेच झालं.

ईबर्डवर नाव टाकलं की लगेच ॲप डिटेल्स मागतं. तिथे लोक "क्लिअरली सीन" असं लिहून मोकळे होतात, त्याचा काडीचा उपयोग नाही. मग नोंदी तपासणाऱ्या रिव्ह्यूअरची मेल आली, नम्र होती, प्रश्न दोनच: रेड नॉट का नाही, आणि रफ का नाही? (दोन्ही याच्याशी गल्लत होऊ शकेल असे वेडर.) हे रिव्ह्यूअर स्वयंसेवक असतात, आपल्यावर संशय घेत नसतात, उगाच चिडू नये. मी लिहिलं, रेड नॉटची चोच आखूड आणि सरळ, साधारण डोक्याएवढी, आणि त्याच्या शेपटीच्या वरचा भाग करडा, बारीक पट्ट्यांचा, इथे पांढरा आहे. रफची मान लांब, डोकं लहान, पाठ खवल्यांसारखी आणि शेपटीच्या मुळाशी दोन्ही बाजूंना पांढरे डाग, मधे काळपट. दोन्ही फोटो क्रॉप न करता ओरिजिनल जोडले, आजूबाजूचे पक्षी त्यात राहिले पाहिजेत, साइज त्यांच्यावरूनच कळते. आपण नेमकं तेच कापून टाकतो आणि एकटा पक्षी मोठा करून पाठवतो.

तोपर्यंत एंट्री माझ्या लिस्टमधे दिसत होती, पब्लिक नकाशावर नाही. ग्रुपवर तेवढ्यात दोन पार्ट्या झाल्याच, एकजण ठामपणे रफ म्हणत होता, फोटो न उघडता. मी वाद घातला नाही, मेलचं उत्तर दिलेलं होतं. थोड्या दिवसांनी कन्फर्म झालं. ग्रेट नॉट आययूसीएन या निसर्गसंवर्धन संस्थेच्या यादीत एन्डेंजर्ड (धोक्यात आलेला) आहे, त्यामुळे एकाच पक्ष्यासाठी एवढी चौकशी मला तरी योग्य वाटते.

पुढच्या शनिवारी जेट्टीवर स्कोप घेऊन बरेच जण हजर. नॉट कुणालाच सापडला नाही. एकाला मात्र त्या नादात टेरेक सँडपायपर मिळाला, लाइफर (आयुष्यात पहिल्यांदाच दिसलेला), त्याने सगळ्यांना स्टेशनबाहेर चहा पाजला.