इंग्रजी तर येतच होते ना?

पुण्याला आले की कोणी ना कोणी विचारतेच: "तुला इंग्रजी तर येतच होते, मग न्यूझीलंडमध्ये रुळायला इतकी वर्षे का लागली?" आजवर मी विषय बदलत आले. या खेपेस तुम्ही सगळ्यांनीच विचारलेत, म्हणून एकदा नीट सांगते.

भाषेचे घोटाळे मी मोजत नाही. शेजाऱ्यांनी ‘टी’ला बोलावले म्हणून आम्ही घरून वरणभात जेवून गेलो आणि तिथे कळले की ‘टी’ म्हणजे रात्रीचे जेवण. असले किस्से सांगून मी पुष्कळ हशा मिळवला आहे आणि खरी गोष्ट त्यांच्याआड दडवली आहे.

पहिल्याच वर्षी कार्यालयातल्या आम्हा सर्वांना एका माराएवर, म्हणजे तिथले मूळ रहिवासी असलेल्या माओरी लोकांच्या सभागृहाच्या आवारात, नेले होते. स्वागताची हाक, भाषणे, गाणी, मग नाकाला नाक टेकवून भेट. सभागृहाबाहेर चपला काढायच्या, हे मला सांगावे लागले नाही. ते घर म्हणजे पूर्वजाचा देह, आढे हा त्याचा कणा आणि वासे या बरगड्या, हे ऐकल्यावर तर वाटले, हे आपल्याला चांगलेच कळते आहे. नंतर जेवणघरात खुर्ची मिळेना, म्हणून चहाचा कप घेऊन मी एका रिकाम्या टेबलाच्या कडेवर टेकले. एक वृद्ध बाई जवळ आल्या, माझ्या कोपराला हात लावून, इतर कोणाला ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाल्या, "यावर आपण जेवण मांडतो." मी उठले. कोणीही माझ्याकडे पाहिले नाही. पण त्यांनी ओले फडके आणून मी बसले होते तेवढीच कड पुसली, तेव्हा माझे कान तापले. ते वाक्य इंग्रजीतच होते आणि त्यातला एकही शब्द मला अडला नव्हता.

मी काही न वाचता गेले नव्हते. ब्रिटिश राजसत्ता आणि माओरी प्रमुख यांच्यातला ६ फेब्रुवारी १८४० चा वाइतांगीचा करार मला ठाऊक होता. इंग्रजी मसुद्यात सार्वभौमत्व राणीकडे जाते, तर बहुतेक माओरी प्रमुखांनी ज्यावर सह्या केल्या त्या माओरी मसुद्यात केवळ कारभार, आणि त्यावरचा वाद अजून मिटलेला नाही, हेही. माओरीला राजभाषेचा दर्जा १९८७ साली मिळाला, हे तर पाठच होते. तापू (पवित्र, म्हणून निर्बंध असलेले) आणि नोआ (साधे, निर्बंध नसलेले) हे शब्दही वाचले होते. देह आणि अन्न यांची सरमिसळ न करण्याशी त्यांचा संबंध असतो, हे मात्र त्या फडक्याने शिकवले.

आजीच्या सोवळ्याशी मी सोळाव्या वर्षी कडाडून भांडले होते आणि त्याचा मला आजही पश्चात्ताप नाही. मग तिथे निमूट मान का खाली घातली? पाहुणी होते म्हणून, असे मी बराच काळ स्वतःला सांगत होते. आजीचे सोवळे भांडी घासणाऱ्या मावशींना उंबऱ्याबाहेर ठेवत असे. या बाईंनी फडके बाजूला ठेवून मला शेजारी बसवले आणि वाढले. एवढा फरक पुरेसा आहे का, हे मला ठरवता आलेले नाही. तो मी माझ्या सोयीसाठी शोधला असेल, अशीही शंका येते.

परवा तुमच्याकडे गप्पा मारताना मी ओट्यावर टेकले नाही, तर तुम्हीच हसून म्हणालात, "परदेशी जाऊन अगदी आजीसारखी झालीस." मला रागही आला आणि उत्तरही सुचले नाही.